वाघाने घेतलेला प्रवेश

भाच्याला बीएस्सीनंतर वन्यजीवशास्त्र शिकायचंय, हे कळल्यावर बुलढाण्यात बहिणीच्या ओट्यावर मेव्हण्यांचा पहिला प्रश्न आला, "थे शिकून वावरात रोही येनं थांबते का?" त्यांचा हरभरा रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, आठवडाभरात चरून टाकला होता, प्रश्न शास्त्रीयच म्हणायचा.

पोराने पर्याय मांडले. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचं एनसीबीएस, तमिळनाडूत मयिलादुथुराईचं एव्हीसी कॉलेज. तिसरं नाव उच्चारतानाच मेव्हणे दमले, आणि ते बाद झालं. आमच्याकडे अभ्यासक्रम असेच निवडतात. मार्गदर्शक कोण, फील्डवर्क किती, संख्याशास्त्र पक्कं करून घेतात का, हे विचारणारं पोर आगाऊ ठरतं. मेसमध्ये पोळी मिळते की भातच, हे मात्र तीनदा विचारून झालं.

खरं तर सल्ला वाघाचा घ्यावा. २०१९ मध्ये टिपेश्वरचा टी१-सी१ हा तरणा वाघ डेहराडूनच्याच संस्थेची कॉलर गळ्यात घालून निघाला, तेलंगणात डोकावला आणि सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ना समुपदेशन, ना प्रवेश परीक्षा. इथे शिकार होती, मोकळी जागा होती. वाघीण तेवढी नव्हती.

भाच्याने हे सगळं मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्याची आत्या चहाची बशी खाली ठेवत म्हणाली, "पाह्य बाप्पा, एवढा हिंडूनबी पोरगी नाई भेटली."