टायसनची जात

चैत्रातलं ऊन आमच्याकडे सांगलीत सकाळी आठलाच पाठीला चटके द्यायला लागतं. काकूंच्या अंगणात बाज, बाजेवर प्लॅस्टिकचा कागद, कागदावर रात्रीच्या चिकाच्या कुरडया आणि चार कोपऱ्यांना चार विटा. दोन रो-हाउसच्या मधली भिंत छातीएवढी. तिकडे काकू, इकडे मी, भिंतीवर चहाचे दोन कप. साडेनवाला मला ऑफिसला पळायचं असतं, पण काकूंचा विषय निघाला की घड्याळ थांबतं.

"बोर्डावरची नोटीस वाचलीस?"

"कसली?"

"चेअरमननी लावलीय. तेवीस जातींच्या कुत्र्यांवर सरकारी बंदी आहे, असली कुत्री आठ दिवसांत सोसायटीबाहेर न्यावीत. सही, शिक्का, खाली 'हुकमावरून'. नाव लिहिलेलं नाही, पण रोख कुणावर आहे ते शेंबड्या पोरालाही कळेल."

रोख कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलावर. सव्विशीचा, रोज जिमला जाणारा, बाह्या दुमडून फिरणारा. डिसेंबरात त्यानं एक पिल्लू आणलं, तांबूस रंगाचं, छातीवर पांढरा पट्टा, डोकं अंगापेक्षा दोन नंबर मोठं. नाव ठेवलं टायसन. त्याच्याऐवजी मोती ठेवलं असतं, तर निम्मी नोटीस निघालीच नसती असं माझं प्रामाणिक मत आहे.

"तू वकिलाकडे टायपिंग करतेस ना? मग सांग, खरंच बंदी आहे का?"

आता मला चढलं. आमच्या ऑफिसात मध्यंतरी अशा एका भांडणाची फाइल आली होती, ती सगळी मीच टाइप केली होती. म्हटलं, "काकू, नोटिशीतला कागद खोटा नाही, शिळा आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं १२ मार्च २०२४ ला राज्यांना पत्र पाठवलं होतं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो अशा जातींना परवाने देऊ नका, विक्री आणि पैदास थांबवा, आणि आधीच घरात आहेत त्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. दिल्ली हायकोर्टानं आदल्या डिसेंबरात केंद्राला सांगितलं होतं की तीन महिन्यांत काय ते ठरवा. ते त्यांनी ठरवलं."

"मग शिळा कसा?"

"पत्राला महिनाही झाला नव्हता, १० एप्रिलला कर्नाटक हायकोर्टानं ते पत्रक रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना काही विचारलंच नाही, म्हणून. मग केंद्रानं लोकांच्या हरकती मागवल्या. आपले चेअरमन अजून मार्चातच आहेत."

काकू हसल्या नाहीत. कपाच्या कडेवरची मुंगी बोटानं उडवली आणि म्हणाल्या, "अगं, पण लखनौची ती बाई आठवते? आपल्याच घरातल्या कुत्र्यानं फाडलं. ब्याऐंशी वर्षांची होती. निवृत्त शिक्षिका. बातमी वाचली तेव्हा मी दोन दिवस दुपारी झोपले नाही."

काकूही निवृत्त शिक्षिकाच. जुलै २०२२ ची ती बातमी, पिटबुलची. त्यावर गंमत सुचण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. गोव्यातही ऑगस्ट २०२४ मध्ये हणजुणेला सात वर्षांचं पोर गेलं, तेही पिटबुलनंच. त्यानंतर गोवा सरकारनं पिटबुल आणि रॉटवायलरवर बंदी आणायचं ठरवलं. मग मी काकूंना सांगितलं, लखनौनंतर गाझियाबाद महापालिकेनं पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या तिघांना नकार दिला, एका घरात एकच कुत्रं असा नियम केला, आणि बाहेर काढताना तोंडाला मुसकी सक्तीची केली.

"मुसकी बरी," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे मळणीला बैलांना बांधायचे."

"चंदीगडनं तर घराच्या मापावर कुत्र्यांची संख्या ठरवलीय. घर लहान तर एक, मोठं तर जास्त."

"म्हणजे ऊस लावल्यासारखं, गुंठ्यावर हिशोब!"

आता त्या जरा खुलल्या. मी म्हटलं, "म्हणजे काकू, टायसनवर बंदी आहे की नाही हे तो कुठल्या गावात राहतो त्यावर आहे. आणि मुळात तो पिटबुल आहे हे ठरवलं कुणी?"

"चेअरमननी. फोटो काढून गुगलवर टाकला म्हणे."

खरी गोम इथंच आहे. त्या पत्रकातल्या यादीत तोसा ही जात दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा आलीय, आणि एके ठिकाणी नुसतंच 'टेरियर्स' लिहिलंय. टेरियर हे काही एक कुत्रं नव्हे, ते अख्खं खानदान आहे. कपाळावर रिबीन बांधून पर्समधून फिरवतात तो यॉर्कशायरही टेरियरच. शब्दाला धरून चालायचं तर त्यालाही हद्दपार करावं लागेल. आणि पोरानं टायसनला विकत आणला तेव्हा विकणाऱ्यानं त्याला कागदबिगद काही दिला नाही. "आई लॅब, बाप तगडा," एवढीच वंशावळ.

"तगडा ही जात आहे का गं?" काकूंनी अगदी गंभीरपणे विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "बघ, आम्ही वर्गात पोरांना जन्मभर शिकवलं की कुणाला जात विचारू नका. आणि महापालिकेच्या फॉर्मवर कुत्र्यासाठी जातीचा रकाना. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री बसलीत, त्यांना कुणी विचारली का?"

मी म्हटलं, ती गावठीच असणार. काकू म्हणाल्या, नाही, कारवानी असतील. हा त्यांचा माहेरचा अभिमान. माहेर जतकडचं. त्यांच्या वडिलांकडे कारवानी कुत्रा होता, लांबुळक्या तोंडाचा, पोट पाठीला टेकलेला, सशामागं सुटला की दिसायचाच नाही. त्यानं एकदा पोलीस पाटलाचं धोतर धरलं होतं. ही गोष्ट मी आजवर सात वेळा ऐकलीय, दर वेळी धोतर थोडं जास्त फाटतं.

"पण मला चावलं ते कुठलं? सांग."

हेही मला पाठ आहे. पॉमेरियन. हळदीकुंकवाला गेल्या होत्या, सोफ्यावर पांढरं लोकरीचं गाठोडं दिसलं, उशी समजून टेकायला गेल्या. उशीनं मनगट धरलं. १९८९ साल. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची पद्धत होती, काकू रोज सिव्हिलच्या रांगेत उभ्या राहायच्या. बेंबीभोवती चौदा टाके घातल्यासारखं दुखायचं म्हणतात. ती जुनी लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात घेतात, पहिल्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या तारखांना. आणि कुठलंही कुत्रं चावलं तरी पहिली गोष्ट नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुणं. काकूंच्या मनगटाला तेव्हा हळद लावली होती. हळदीकुंकवातलीच.

"त्या पॉमेरियनवर कधी बंदी आली नाही," काकू म्हणाल्या. मनगटावरचा व्रण त्यांनी पुन्हा एकदा दाखवला.

मी वकिली बाजू लढवून पाहिली. म्हटलं, काकू, पॉमेरियन चावला तर मनगट जातं, पिटबुल चावला तर माणूस जातो, जबड्यात फरक आहे. हे मला खरंच वाटतं. जातीला काही अर्थच नाही असं म्हणणारे प्राणिमित्र मला तितकेच अर्धवट वाटतात, जितके फोटोवरून जात ठरवणारे चेअरमन. मेंढराचं कुत्रं मेंढरामागं जातं, कारवानी सशामागं जातो, मग झुंजीसाठी पैदा केलेल्याच्या अंगात काहीच उतरत नाही असं कसं म्हणायचं? पण टायसन नक्की कशासाठी पैदा झाला, हे त्याच्या 'तगड्या' बापालाच ठाऊक.

"आमच्या लेकीकडे बघ," काकू म्हणाल्या. लेक इंग्लंडात, लीड्सला. "तिकडे एक्सएल बुली म्हणून कुत्रा आहे, त्याच्यावर आली बंदी. तिच्या शेजाऱ्याकडे होता. सरकारी माणूस म्हणे टेप घेऊन मोजतो."

ही थाप असेल असं मला वाटलं, पण नाही. ब्रिटनमध्ये १९९१ पासून धोकादायक कुत्र्यांचा कायदा आहे, त्यात आधी चार जाती होत्या, पिटबुल त्यातलाच. २०२३ च्या शेवटी एक्सएल बुलीची भर पडली. इंग्लंडात १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीचा दाखला नसेल तर तो घरात ठेवणंच गुन्हा. दाखल्याची फी ९२ पौंड ४० पेन्स, वर नसबंदी, चिप, विमा आणि बाहेर मुसकी. आणि ओळख कशी पटवायची? आईबाप कोण, कागद काय, डीएनए काय, हे विचारात घेत नाहीत. डोकं, छाती, ठेवण बघायची, आणि उंची. नर असेल तर जमिनीपासून खांद्यापर्यंत वीस इंच किंवा त्याहून जास्त. मादी एकोणीस.

"वीस इंच?" काकूंनी विचारलं.

"वीस. एकावन्न सेंटिमीटर."

तेवढ्यात कोपऱ्यावरून टायसन आला. म्हणजे टायसन आला आणि मागून दोरीला लोंबकळत तो मुलगा आला. जिमचे दंड दिसायला ठीक असतात, पण सहा महिन्यांच्या पिल्लानं ओढलं की चप्पल निसटतेच. मला सगळ्या नोटिशीत खरी काळजीची गोष्ट दिसली ती ही दोरी. नायलॉनची, वाळत घालायची. गळ्यात पट्टा नाही, महापालिकेचा बिल्ला नाही.

"थांब रे," काकूंनी हाक मारली. "लायसन काढलंस?"

"काढायचंय काकू."

"रेबीजची लस?"

"एक झालीय."

"पट्टा?"

"ऑनलाइन मागवलाय."

काकूंचा वर्गातला आवाज लागला. मीही तोंड घालून घेतलं. म्हटलं, चेअरमनच्या नोटिशीला घाबरू नकोस. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही. आणि त्यांचं ऐकून तू याला कुठं मिरज रोडला सोडून आलास, तर १९६० च्या कायद्याखाली तोच गुन्हा.

"दंड किती?" काकूंनी मध्येच विचारलं.

"पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये."

"पन्नासात दोन जुड्या कोथिंबीर येत नाही!"

"पण हा कुणाला चावला," मी पोराला म्हटलं, "आणि तू निष्काळजी होतास असं ठरलं, तर न्याय संहितेचं २९१ कलम आहे. सहा महिने कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. तिथं जात विचारत नाहीत. दोरी कुणाच्या हातात होती ते विचारतात."

पोरानं दोरीचा एक वेढा हाताला जास्त घेतला. टायसन मात्र भिंतीवरून येणाऱ्या वासानं वेडा झाला होता. फाटकाच्या गजांतून नाक आत घालून तो कुरडयांकडे बघत होता, आणि लाळेची एक तार खाली फरशीपर्यंत पोचली होती. घरात कुकरची शिट्टी झाली तसा दचकून पोराच्या दोन पायांत घुसला आणि थरथरायला लागला.

"हा का तुझा टायसन," काकू म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मला वाटलं भाकरी आणायला गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात ब्लाउज शिवायची टेप होती, गळ्यात चष्मा. "धर त्याला. सरळ उभा कर. मान नको धरू, छातीखाली हात घाल." फाटक उघडून त्या त्याच्याजवळ खाली बसल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, मनगटावर पॉमेरियनचा व्रण, लखनौची बातमी वाचून दोन दिवस न झोपलेली. माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. टायसननं टेपचं टोक हुंगलं, चाटलं, मग दातात धरून बघितलं.

"सोड," काकू म्हणाल्या. त्यानं सोडलं. आमच्या चेअरमननी एवढ्या पटकन कधी कुणाचं ऐकलेलं नाही.

टेप जमिनीला टेकवून त्यांनी खांद्याच्या हाडापर्यंत ताणली, चष्मा नाकावर घेतला, आणि ओल्या टेपवरचा आकडा वाचला. "साडेअठरा."

फाटकाच्या खांबावर आतल्या बाजूला पेन्सिलच्या रेघा आहेत, लीड्सच्या नातवंडांच्या. दर सुट्टीत आली की उभं करून मारायच्या. सगळ्यात खालची रेघ टायसनच्या डोक्याच्याही वर होती. त्याखाली काकूंनी नवी रेघ ओढली, पुढं तारीख घातली, आणि नाव लिहिलं. मुलानं विचारलं, "कशाला काकू?" त्यांनी उत्तर दिलं नाही. त्याला म्हणाल्या, "पट्टा येईपर्यंत माझ्याकडे म्हशीचं जुनं दावं आहे, ते घेऊन जा. आणि लायसन काढायला गेलास की जातीच्या रकान्यात काय लिहिलंस ते मला येऊन सांग."

तो गेला. टायसन वळून वळून कुरडयांकडे बघत गेला. माझे नऊ पन्नास झाले होते.

काकू टेप पदराला पुसत खांबापाशी उभ्या होत्या.

"सहा महिन्यांचा आहे म्हणतो... म्हणजे अजून वाढणार ना गं?"

"वाढणार की."

"दीड इंच उरलाय," काकू म्हणाल्या, आणि कावळे हाकलायला बाजेकडे वळल्या.