वासाची जबानी

अण्णा आपल्याला भेटलेले नाहीत असे म्हणणारा वाचक मला अजून भेटावयाचा आहे. नाव निराळे असेल; पुण्यात ते कोथरूडला राहत असतील, तर ठाण्यात नौपाड्याला. परंतु पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपण मोटारीचा एसी सुरू करावा, जाळीतून कित्येक दिवस न वाळलेल्या सतरंजीचा म्हणावा असा ओलसर, कुबट वास यावा, आपण नाक मुरडून बटणाकडे हात न्यावा, आणि नेमक्या त्याच क्षणी काचेवर टकटक करून ‘बंद करू नका, पुरावा नष्ट होतो,’ असे बजावणारा साठी उलटलेला एक गृहस्थ बाहेर उभा असावा, हा योग ज्याच्या कुंडलीत नाही असा मोटारमालक महाराष्ट्रात विरळा.

आमचे अण्णा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले. अतिवृष्टीने वाहून गेलेले बांध, गारपिटीने झोडपलेल्या द्राक्षबागा, वीज पडून दगावलेले बैल आणि खचलेल्या भिंती यांचे पंचनामे करण्यात ज्यांची सारी उमेद खर्ची पडली, त्या माणसाला सरकारने नियत वयोमानाच्या दिवशी शाल आणि नारळ देऊन घरी पाठविले. पंचनाम्याची हौस मात्र सरकारजमा करून घ्यावयाची राहून गेली. आमच्या गृहरचना संस्थेच्या आवारात गारा क्वचित पडतात आणि बैल तर नाहीतच. उरला तो मोटारींचा वास, आणि त्यावर अन्य कोणाचा कब्जा नसल्यामुळे अण्णांची वहिवाट निर्वेधपणे सुरू झाली.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘केव्हापासून?’

या प्रश्नाला ‘असाच येतोय हो थोडे दिवस’ असे उत्तर देणारा मनुष्य त्यांच्या लेखी फितूर साक्षीदार. ‘मोघम जबानी चालणार नाही,’ असे म्हणून ते बगलेतील फुलस्केप वही उघडीत आणि मग एकामागून एक पृच्छा होत. वास एसी लावताक्षणी येतो की काही वेळाने? तोंडावर येतो की पायांशी? गाडी रात्री गुलमोहराखाली उभी होती की पत्र्याखाली? एसी चालू असता गाडीखाली पाणी ठिबकते की नाही? मोटारीत चौघे असतील तर चौघांच्या जबान्या स्वतंत्र होत, एकाची दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून बाकीच्यांना पाण्याच्या टाकीपलीकडे उभे करण्यात येई, आणि यातून शाळेला उशीर होत असलेली मुले व दवाखान्यात निघालेल्या आजीबाईही सुटत नसत. मग अण्णा स्वतः पुढच्या आसनावर बसून, डोळे मिटून, छातीभर एक दीर्घ श्वास घेत, ‘हं’ म्हणत, आणि आपण काहीही न सांगता आमच्याकडे वळत: ‘आता पुन्हा तुम्ही सांगा.’ परीक्षकाने उत्तर मनाशी ठेवून विद्यार्थ्याला खेळवावे तसला हा प्रकार मला उद्धटपणाचा वाटे. वहीत शेवटचा रकाना ‘पाहणाराचा स्वतःचा अभिप्राय’ असा होता आणि त्यात प्रत्येक वेळी एकच शब्द लिहिलेला असे: ‘निरंक’.

याच प्रश्नाने एका लग्नात अनर्थ केला. तिसऱ्या मजल्यावरील चिरंजीवांची वरात निघावयाची होती; झेंडूच्या माळांनी सजविलेल्या, नव्या कोऱ्या म्हणता येणार नाही अशा मोटारीत वधूवर नुकतेच स्थानापन्न झाले होते. शालूतील वधूने पदर नाकाशी नेलेला अण्णांच्या दृष्टीतून सुटला नाही. ते वराच्या खिडकीशी वाकले आणि अत्यंत गंभीर स्वरात त्यांनी विचारले, ‘केव्हापासून?’ वराने एकवार वधूकडे पाहिले, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, आणि म्हणाला, ‘कॉलेजपासून.’ वधूपिता शेजारीच उभे होते. त्यांना अद्यापपावेतो हा विवाह पत्रिका जुळवून ठरला असेच सांगण्यात आले होते.

अण्णांच्या शास्त्रात तथ्य नव्हते असे मात्र त्यांच्या शत्रूलाही म्हणता येणार नाही. डॅशबोर्डच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांची एक कूलिंग कॉइल असते. दमट हवा तिच्यावरून गेली म्हणजे हवेतील बाष्पाचे पाणी होऊन पात्यांवर साचते आणि एका बारीक नळीवाटे गाडीखाली ठिबकते. नवखा मालक ते थारोळे पाहून गाडी गळते म्हणून हवालदिल होतो. अण्णा ते पाहून संतुष्ट होत, कारण पाणी बाहेर पडत नसेल तर ते आतच मुक्कामाला आहे आणि लवकरच डाव्या बाजूच्या पायपुशीखाली प्रकट होईल, हे त्यांना ठाऊक असे. पुढच्या काचेखालच्या जाळीतून गुलमोहराची ती पिठासारखी बारीक पाने आत शिरतात, धूळ त्यांना चिकटते, ओल त्यांना धरून ठेवते, आणि आपण घरी पोहोचल्यावर एसी व इंजीन एकदमच बंद करून ती ओली कॉइल बंद, तापलेल्या मोटारीत तशीच ठेवून निघून गेलो म्हणजे बुरशी आणि जिवाणू तेथे बिनभाड्याने बिऱ्हाड थाटतात. पहिल्या पावसाच्या ज्या मृद्गंधावर आमच्या कवींनी रिमच्या रिम कागद खर्ची घातले, त्यातील जिओस्मिन नावाचे द्रव्यही मातीतील सूक्ष्मजीवांचीच कमाई होय. तेव्हा गंधामागे जंतू असतात हे कळूनही एकाला काव्य आणि दुसऱ्याला फिर्याद, हा आपला पक्षपातच म्हणावयाचा.

वासांची त्यांची वर्गवारीही कचेरीच्या शिस्तीची होती. कुबट असेल तर कॉइल व फिल्टर. गोडसर असून काचेवर तेलकट धुके धरत असेल तर हीटरच्या नळ्यांतून कूलंट झिरपते आहे, गाडी हलवू नये. जळका असेल तर तत्काळ इंजीन बंद करून खाली उतरावे, जबानी रस्त्याच्या कडेला घेतली जाईल. आणि कुजका असेल तर मृत इसमाचा शोध घ्यावा. हा शेवटचा प्रकार दुसऱ्या मजल्यावरील डॉक्टरांच्या गाडीत घडला. एका गॅरेजने गॅस भरून दिला, दुसऱ्याने सुगंधी फवारा मारून दिला; अण्णांनी डॉक्टर, त्यांची पत्नी, कंपाउंडर आणि शेजारचा दूधवाला यांच्या जबान्या घेऊन, वास सोमवारी अल्प, बुधवारी असह्य आणि त्यानंतर स्थिर अशी वाढ मांडून दाखविली, आणि ग्लोव्ह बॉक्स उतरवून ब्लोअरच्या वाटेत पाहण्याचा हुकूम दिला. उंदीर तेथे होता. त्याने फिल्टरच्या कागदाचे घरटे बांधले होते. त्याचाही रीतसर पंचनामा झाला, आणि डॉक्टरांनी मृत्यूचे कारण लिहून खाली सही केली.

सर्व्हिस सेंटरमधील मंडळी त्यांना पाहून चहाला निघून जात, ते या कारणास्तव. एकदा माझ्यासमवेत ते आले असता तेथील तरुणाने ‘काका, आत बुरशी धरलीय, डॅशबोर्ड खोलावा लागेल,’ असे सांगून खर्चाचा जो आकडा उच्चारला त्यात आमच्या वडिलांनी घर बांधले होते. अण्णांनी शांतपणे विचारले, ‘बुरशी आपण समक्ष पाहिलीत?’ ‘नाही काका, ती आत असते.’ ‘म्हणजे ऐकीव. फिल्टर काढून पाहिलात? नळी फुंकून पाहिलीत?’ त्या तरुणाने फिल्टर काढला. तो मुळात पांढरा असावा असे त्याच्या कडांवरून अनुमान करता येत होते. फिल्टर बदलला, नळीतून चिखलाची एक गोळी निघाली, कॉइलवर फेसाचा फवारा बसला, काचा उघड्या टाकून ब्लोअर पूर्ण वेगाने फिरविला, आणि डॅशबोर्ड जागच्या जागी राहिला. बिल देऊन बाहेर पडताना अण्णा माझ्याकडे असे पाहत होते की आभार मानण्याची माझी इच्छा जागीच मेली.

उपकार करणारा मनुष्य असह्य होतो तो त्याच्या पुढील देखरेखीमुळे. आरशाला टांगलेली सुगंधी कुपी त्यांनी ‘ही नाकाला दिलेली लाच आहे’ म्हणून स्वहस्ते उतरविली. कापराच्या वड्या, लवंगा टोचलेले लिंबू, वाटीतील कॉफीची पूड, सगळे मुद्देमाल म्हणून जप्त. आणि मग तो नियम! मुक्काम येण्यापूर्वी काही मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा, म्हणजे कॉइल सुकते. नियम बिनतोड आहे. परंतु अण्णा शेजारी बसलेले असले म्हणजे डेक्कनहून परतताना वैशाखातील दुपारीदेखील कर्वे पुतळा दिसताच ‘आता बंद’ असा आदेश सुटे, आणि पुढे वाहनांच्या रांगेत आम्ही कॉइलबरोबर स्वतःही सुकत बसत असू. 1940 सालच्या पॅकार्ड मोटारीत कारखान्यातूनच वातानुकूलन बसवून मिळे, आणि ते बंद करावयाचे तर इंजीन थांबवून, झाकण उघडून, पट्टा हाताने उतरवावा लागे, ही गोष्ट मी त्यांना सांगितली ती त्यांची खोड मोडावी म्हणून. अण्णा प्रसन्न झाले. ‘त्या लोकांना जबाबदारी कळत होती,’ ते म्हणाले. तेव्हापासून मी गाडी मागच्या फाटकाने आणू लागलो.

मागच्या फाटकाशी अण्णांचे स्वयंपाकघर आहे, आणि त्या खिडकीत वहिनी असतात. एके दिवशी अण्णा पेन्शनीकरिता हयातीचा दाखला देण्यास बँकेत गेले असता त्यांनी मला हाक मारली आणि हातात दुधाचे पातेले दिले. ‘भावजी, जरा बघता? मला पडसं झालंय. नासलंय का हो?’ मी म्हटले, अण्णा आले की विचारा, त्यांच्याएवढे नाक पंचक्रोशीत नाही. वहिनी माझ्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. ‘त्यांना कुठला वास येतोय? 2021 च्या एप्रिलात दोघंही आजारी पडलो. माझा वास पंधरा दिवसांत परतला. त्यांचा गेला तो गेलाच. कोणाला सांगू नका, चालत नाही त्यांना.’ आणि मग, पातेले परत घेताना, ‘दूध तळाला लागलं तरी कळत नाही हो त्यांना. मला विचारून विचारून खातात. केव्हाची भाजी, केव्हाचं वरण.’

मी ती वही एकदा, अण्णा पाणी प्यायला उठले असता, मागील पानांपर्यंत चाळली आहे. वास गेल्यानंतरच ती सुरू झालेली आहे. चौकोनी, कचेरीतल्या अक्षरात तीत आमच्या इमारतीतील सगळ्यांची नाके नोंदलेली आहेत: कोणाला पावसाळी गोणपाट आठवले, कोणाला माहेरची न्हाणी, कोणा मुलाला पोहण्याच्या तलावावरून आणलेला टॉवेल, आणि पाहणारा मात्र पानोपानी निरंक. बाधित शेतकऱ्याचे नुकसान लिहून घेणाऱ्याने आपले स्वतःचे त्याच नमुन्यात कधी लिहू नये, हा कदाचित त्यांच्या खात्याचा दंडक असेल. खात्यासंबंधी माझे मत फारसे चांगले नाही; या एका दंडकापुरते ते मी राखून ठेवतो.

तेव्हापासून मी पुन्हा पुढच्या फाटकाने येतो, आणि माझ्या जबान्या लांबल्या आहेत, अशी माझ्या घरात तक्रार आहे.

यंदाच्या वैशाखात मला बोलावणे आले ते मोटारीकरिता नव्हे. वहिनींचा गोडा मसाला चालू होता. धणे, तीळ, खसखस, खोबरे, दगडफूल, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावयाचा. आणि पूर्वी म्हणे अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाठ करून उभे राहत आणि पातेल्याकडे न पाहता नेमक्या क्षणी ‘उतरवा’ म्हणत. त्या अधिकाराच्या जागेवर आता माझी नेमणूक झाली होती. वहिनींचे नाक त्यांना चाले, परंतु करणारी व पंच एकच असू नये हा मुद्दा होता. मला पाटावर बसविण्यात आले. अण्णा वही घेऊन समोर बसले.

‘खोबरं. काय वास?’

‘छान येतोय,’ मी म्हणालो.

‘छान हा शेरा झाला. वास सांगा. कच्चा किती, भाजका किती, तेल सुटल्यासारखा की नाही? सावकाश सांगा, घाई नाही.’

मी सावकाश सांगू लागलो. आरंभी नुसता ओलसर, मग किंचित गोड, मग बिस्किटांच्या भट्टीवरून जाताना येतो तसा. अण्णा मान खाली घालून शब्दनशब्द उतरवून घेत होते, मध्येच थांबवून ‘कोणत्या भट्टीवरून?’ असे विचारीत होते, आणि मीही रंगात येऊन कॅम्पातील भट्टीपर्यंत पोहोचलो असता वहिनींनी झारा आपटला.

‘अहो, करपलं!’

धूर मलाही दिसला, वासही आला. अण्णांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिले, नवीन ओळ आखली आणि लेखणी टेकवून विचारले,

‘केव्हापासून?’