उणे पंधराचा वाद

लातूर आणि नांदेड या दोन नगरांच्या मधोमध चाकूर, अहमदपूर, लोहा अशी मोजकीच मोठी गावे लागत असली, तरी मतभेदाच्या मापाने मोजू जाता हे अंतर बरेच लांबते. दोन्ही जिल्ह्यांनी महाराष्ट्राला प्रत्येकी दोन मुख्यमंत्री दिले. आणि २००९ साली नवे महसूल आयुक्तालय नांदेडला नेण्याचे ठरले तेव्हा अर्ज, निवेदने आणि मोर्चे यांची जी रेलचेल उडाली, ती ज्याने पाहिली त्याला, या दोन शहरांचे कधी कोणत्या बाबतीत एकमत झालेच तर त्याचा रीतसर पंचनामा करून ठेवावा लागेल, असे वाटल्यावाचून राहिले नसेल. माझ्या जुन्या डिझेल जिपेत कोणते ऑइल घालावे हा प्रश्नही याच परंपरेत दाखल झाला, कारण माझे घर लातुरात, सासुरवाड नांदेडात आणि जीप बहुधा दोहोंच्या दरम्यान कोठे तरी उभी.

या जिपेची वंशावळ संमिश्र आहे. सांगाडा दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलिजच्या कुळातला, तर इंजिन महिंद्र कंपनीने प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने बांधलेले, चार सिलिंडरांचे, २११२ घनसेंटिमीटरचे. त्याला टर्बो नाही, संगणक नाही, धुराड्यात काजळी अडवणारी जाळी नाही; थंडीच्या सकाळी हीटर प्लग तापेपर्यंत ते कोणाशी बोलत नाही, एवढाच काय तो त्याचा फ्रेंच बाणा. अशा निरिच्छ यंत्राच्या गरजा अल्प असतात. सल्लागारांच्या तशा नसतात.

लातूरच्या मिस्त्रींचा कौल १५डब्ल्यू-४० या ऑइलाला. ते पुस्तिकेतले पान उघडून, त्यावर बोट ठेवून बोलतात. शिकवणी वर्गांच्या शहरात यंत्रदुरुस्तीलाही पाठ्यपुस्तकाचा आधार लागावा हे यथायोग्यच होय. नांदेडच्या मेहुण्यांना हा ग्रंथप्रामाण्यवाद समूळ नामंजूर आहे. "दाजी, आपल्याकडचं ऊन बघा. असल्या उन्हात पातळ ऑइलाचं पाणी होतंय. वीस-चाळीसच टाका," असे ते बजावतात, आणि त्यांचे वजीराबादेतले उस्ताद केवळ मान हलवून त्या निवाड्यावर शिक्कामोर्तब करतात. उभी हयात मालमोटारीवर काढलेले आमचे एक मामा तर दोन्ही पक्षांना अर्वाचीन समजून 'निव्वळ चाळीस' या सनातन मताला चिकटून आहेत.

आता या वादाची मूळ दप्तरे तपासली असता जे निष्पन्न होते ते असे. डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा. थंडीत इंजिन फिरवताना ऑइल किती आडवे येते याची कसोटी पंधराच्या ऑइलासाठी उणे वीस अंशांवर आणि विसाच्या ऑइलासाठी उणे पंधरा अंशांवर घेतात. पलीकडचा आकडा शंभर अंशांवरच्या दाटपणाचा, आणि तो दोन्ही डब्यांवर चाळीसच आहे. म्हणजे मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो आणि पौषातही पाणी गोठल्याचे कोणी पाहिलेले नाही, अशा या मुलखात दोन सुसंस्कृत घराणी उणे पंधरा आणि उणे वीस यांवरून एकमेकांशी अबोला धरावयास सिद्ध झाली होती! इंजिनाची पुष्कळशी झीज चालू होतानाच्या पहिल्या काही क्षणांत होते आणि तेव्हा पंधराचे ऑइल जरा लवकर वर चढते, एवढे माप मिस्त्रींच्या पदरात टाकणे न्यायाचे होईल. परंतु इंजिन एकदा तापले की उभय पक्ष समसमान.

खरा मजकूर डब्याच्या मागल्या बाजूस, मुंगीच्या अक्षरांत असतो, आणि तो वाचण्याचे कष्ट फिर्यादीने घेतले नव्हते की प्रतिवादीने. सीएफ-४ ही १९९० सालची इयत्ता, सीएच-४ ही १९९८ ची, सीआय-४ ही २००२ ची. यातले 'सी' डिझेल इंजिनांचे, आणि पुढची इयत्ता काजळी अधिक समर्थपणे सांभाळते. काजळीच्या कणांनी एकत्र येऊन गाळ होऊ नये म्हणून त्यांच्यावर जमावबंदी लागू करणे, हे या ऑइलाचे आद्य कर्तव्य आहे. म्हणूनच ते घातल्यापासून थोड्याच अवधीत काळेकुट्ट होते. मामांनी मात्र प्रत्येक वेळी पट्टी ओढून, बोटावर थेंब चोळून, "फसवलं बघ तुला दुकानदारानं," असा निकाल दिला. काळे न होणारे ऑइल हे कामचुकार कारकुनासारखे असते, हे त्यांना पटवून देणे आमच्या खानदानात कोणाला साधलेले नाही.

त्यांचा दुसरा आक्षेप डिझेलावर. पूर्वीच्या डिझेलात दम होता, म्हणतात. पूर्वीच्या डिझेलात गंधक होते, हे खरे. ते जळून आम्ल तयार होई आणि त्याच्याशी झुंजता झुंजता ऑइलातला क्षार खर्ची पडे. १ एप्रिल २०२० पासून देशभर जे डिझेल मिळते त्यात गंधकाचे प्रमाण दहा लक्षांत दहा भागांहून अधिक नसते, तेव्हा ती आघाडी आता पुष्कळशी थंडावली आहे. काजळी आहेच.

अखेर लातूर नको आणि नांदेडही नको, म्हणून अहमदपुरात ऑइल बदलण्याचे ठरविले. तेथील दुकानदाराने कोणतीही चर्चा न करता १५डब्ल्यू-४०, सीआय-४ चा डबा पुढे केला, जळके ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावण्यासाठी स्वतःकडे ठेवून घेतले, आणि मी नांदेडची वाट धरली. मेहुणे दारातच उभे होते. त्यांनी बॉनेट उघडावयास लावले, डोळे मिटून इंजिनाचा नाद ऐकला, आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "बघा दाजी, वीस टाकल्याबरोबर आवाज कसा बसला!" मी चहा मागविला.