रडणे: फक्त महिलांसाठी राखीव

आपल्या समाजाने भावनांची वाटणी सात-बाऱ्यावर नोंद असल्यासारखी चोख करून ठेवली आहे. रडणं बायकांच्या नावावर, संताप पुरुषांच्या. अतिक्रमण झालंच तर दंडही ठरलेला: रडणाऱ्या मुलाला 'बांगड्या भर', आवाज चढवणाऱ्या मुलीला 'सासरी कसं व्हायचं तुझं?' बाप गेल्यावर स्मशानात विशीतल्या पोराच्या पाठीवर हात ठेवून काका-मामा सांगतात, 'तूच खचलास तर आईने कुणाकडे बघायचं?' पोरगा आवंढा गिळतो आणि गावभर धीराचा म्हणून वाखाणला जातो. पुढे हाच धीर रोज संध्याकाळी बाटलीत शोधायची वेळ आली, तरी 'पुरुषमाणूस आहे, टेन्शन असतं' म्हणून खपून जातं. त्याच घरातली बाई छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात, झोप लागत नाही अशी तक्रार घेऊन दवाखान्यात जाते आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन परतते. 'बायका हळव्याच' हे निदान घरी फुकटात झालेलंच असतं. या वाटणीची खरी करामत अशी, की तिच्यात कुणी आजारी ठरतच नाही. त्याचं दुखणं मर्दानगीत जमा होतं, तिचं बाईच्या जातीत.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मनोविकारांचं प्रमाण पुरुषांत १३.९ टक्के निघालं, स्त्रियांत साधारण साडेसात. हळवं कोण, हा प्रश्न खरं तर इथेच निकालात निघायला हवा होता. पुरुषांच्या आकड्यात मोठा वाटा व्यसनांचा; नैराश्य आणि चिंता बायकांमध्ये जास्त. म्हणजे आजारसुद्धा वाटणीचा मान राखूनच येतात. नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या विकारांत सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचत नाहीत, हेही त्याच सर्वेक्षणाने सांगितलं. 'आमच्या पिढीला असलं काही होत नव्हतं' म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर वाचावा. होत होतं, फक्त कुणी डॉक्टरला विचारलं नव्हतं.

यावर शास्त्रीय वळणाचे आक्षेपक म्हणतील, हा हार्मोन्सचा खेळ आहे. काही अंशी असेलही. नैराश्यातली स्त्री-पुरुष तफावत पौगंडावस्थेत वाढते, हे खरं. पण २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या मुलांचा एक अभ्यास आला. पाचव्या वर्षी मुलगे आणि मुली दोघंही आपापल्या जातकुळीला सारखंच अतिहुशार मानत होते. सहा-सात वर्षांच्या मुलींचा हा विश्वास घसरला आणि 'खूप खूप हुशार' मुलांचे म्हणून दाखवलेले खेळ त्यांना नकोसे झाले. शाळेत चांगले मार्क मुलींना पडतात, हे ठाऊक असूनही! सहाव्या वर्षी हे काम कुठल्या हार्मोनने केलं, ते कळलं तर बरं होईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत पुरुष १,२२,७२४. माणसं कर्जाने, बेकारीने खचतात, त्यात बाईमाणूस-पुरुषमाणूस कशाला आणता? खचलेल्यांत रोजंदारीवाले चौथ्या हिश्शाहून जास्त आहेत. त्यांच्या गरिबीला नुसत्या समजुतीचा प्रश्न म्हणणं निर्लज्जपणाचं होईल. पण त्याच कर्जाखाली, त्याच छपराखाली बायकोही राहते. 'बायकोच्या जिवावर जगतो' हे मात्र एकट्या त्यालाच ऐकावं लागतं. 'नवऱ्याच्या जिवावर जगते' असा टोमणा कुणी मारत नाही, कारण तो तिचा धर्मच मानला आहे. आणि तो धर्म पाळणाऱ्यांची गोष्ट अशी, की त्या वर्षी आत्महत्या केलेल्या ४८,१७२ स्त्रियांपैकी २५,३०९ 'गृहिणी' या रकान्यात होत्या. घरात बसून तिला काय कमी होतं, असं विचारणाऱ्यांसाठी हा रकाना पुरेसा आहे.

आता काळ बदललाय म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात घरकाम करताना आईच्या जोडीला बाबाही दिसले. त्याच वर्षीच्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात गेलेली दिसली, पुरुषांची ९७. ही ९७ मिनिटंही जे घरकामाला हात लावतात त्यांचीच. असे पुरुष चारांत एक. उरलेल्या तिघांच्या मुलांकडून ते पुस्तक वाचून कोण घेत होतं, हे ओळखायला पाहणीची गरज नाही.