पेटीतली सिमकार्डे

कार्यालयाच्या फोनयंत्रणेला मोबाईल नेटवर्कशी जोडणाऱ्या पेटीला जीएसएम गेटवे म्हणतात. तिच्यात सिमकार्डे घालायची, अँटेना लावायचा आणि लॅनच्या केबलने ती ऑफिसच्या एक्स्चेंजला सिप ट्रंक म्हणून जोडायची. काम एवढेच, उरलेला वेळ अँटेना फिरवण्यात जातो. आता हे ऑफिस चंडीगडमध्ये आहे असे धरा. वास्तुकार ल कार्बुझिएच्या या शहरात सेक्टरांना क्रमांक मिळाले, काँक्रीटला मान मिळाला. सिग्नल मात्र जाड भिंतीपाशीच अडखळतो, म्हणून अँटेना खिडकीत.

पहिला घोळ खरेदीतच होतो. जुनी, स्वस्त पेटी फक्त टूजी ओळखते आणि जिओचे टूजी जाळे मुळात नाहीच. म्हणजे स्वस्त पेटी आणि जिओचे सिम यांचे लग्न पत्रिका छापल्यावर मोडते. पेटीला व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरून बोलणे, येते का, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे.

मग डायल प्लॅन: दहा आकडी मोबाईल क्रमांक पेटीकडे, शहरातले लँडलाइन चंडीगडच्या नेहमीच्या 0172 च्या लाइनकडे. ग्राहकाला दिसतो तो सिमचा नंबर. त्यावर तो उलट फोन करतो आणि येणाऱ्या कॉलचा मार्ग आखलेला नसेल तर घंटा कोणाच्याच टेबलावर वाजत नाही. काही कचेऱ्यांत यालाच सुरळीत कामकाज म्हणतात.

चंडीगडशेजारचे पंचकुला हरियाणात, पण दूरसंचारच्या नकाशात पंजाब मंडळात. दोन राज्यांच्या राजधानीच्या शेजाराला हे शोभतेच. कायदा मात्र इतका लवचिक नाही. अशाच पेट्यांतून परदेशी कॉल स्थानिक म्हणून उतरवणे हा गुन्हा आहे. तेव्हा सिमकार्डे रीतसर केवायसी करून कार्यालयाच्या नावावर घ्यावीत, शिपायाच्या नव्हे.