तीन प्रतींचे नाना

“काल रात्री आग लागली असती तर?”

सकाळी पावणेसातला दार उघडलं की समोरच्या फ्लॅटमधले नाना हा प्रश्न टाकतात. इतर शेजारी ‘चहा झाला का’ विचारतात, तितक्याच सहजपणे. मी दुधाची पिशवी हातात घेऊन उभा असतो. लागली असती तर पळालो असतो, असं मी म्हणतो. “पळालास ते ठीक. पण हातात काय घेऊन?” मी दुधाच्या पिशवीकडे बघतो. नानाही बघतात. मग मान हलवतात, आपला पेपर उचलतात आणि आत जातात. माझा दिवस अशा रीतीने नापास होऊन सुरू होतो.

प्रत्येक सोसायटीत पाण्याच्या टाकीची राखण करणारा एक गृहस्थ असतो आणि पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांची राखण करणारा एक असतो. अलीकडे त्यांच्यात तिसऱ्याची भर पडली आहे. हा बॅकअपची राखण करतो. वय सत्तरीच्या आसपास, नोकरी बँकेत नाहीतर विम्यात झालेली, लेक अमेरिकेत आणि तिने जाताना ठेवलेला लॅपटॉप कोथरूडमध्ये. तो ओळखायची खूण सोपी आहे. फोन चोरीला गेला म्हणून सांगा. बाकीचे ‘अरेरे’ म्हणतील, हा ‘बॅकअप होता?’ म्हणेल. ‘नव्हता’ म्हटलंत की त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड पडतो, जो एरवी फक्त मुदत ठेवीचा व्याजदर वाढल्यावर पडतो.

नाना बँकेत छत्तीस वर्षं होते. तिथल्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत, दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. निवृत्तीनंतर नानांनी ही पद्धत घरच्या कपाटाला लावली. बाहेरच्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे, आतल्या कप्प्याची बायकोकडे, म्हणजे माईंकडे. माई गुरुवारी भजनाला जातात आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असतो. त्यामुळे गुरुवारी चार ते सात नानांना स्वतःच्या आधार कार्डाची प्रतसुद्धा मिळत नाही. “यालाच सुरक्षा म्हणतात,” असं ते बाहेरच्या खुर्चीत बसून सांगतात.

या सगळ्याचं मूळ पानशेतात आहे. पुण्यातल्या ठरावीक वयाच्या माणसांच्या बहुतेक गोष्टींचं असतं. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा नाना सात वर्षांचे होते आणि घर नदीच्या बाजूला, नारायण पेठेत. माणसं वाचली. पण घरातल्या पत्रिका, आजोबांच्या चोपड्या आणि आईवडिलांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो नदीबरोबर गेला. “आमच्या घराण्याचा इतिहास 1961 पासून सुरू होतो,” असं नाना म्हणतात. हे ते हसत सांगतात, पण तेवढं वाक्य झालं की थोडा वेळ काही बोलत नाहीत.

म्हणून आता घरातलं प्रत्येक कागदाचं चिटोरं स्कॅन झालेलं आहे. फ्लॅटचा करारनामा, विम्याच्या पॉलिसी, लेकीच्या बालवाडीचं प्रगतिपुस्तक, व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेली पुतण्याची मुंज, नानांच्या आईच्या आवाजातलं रामरक्षेचं ध्वनिमुद्रण आणि अकरा हजारांवर फोटो. त्यांत गॅस सिलिंडरच्या पावत्यांचे चारशे. “त्या कशाला?” असं मी एकदा विचारलं. “एवढंच सांग,” नाना म्हणाले, “त्या टाकून द्यायचा निर्णय कोण घेणार? तू?”

बॅकअपवाल्यांचा एक धर्म आहे आणि त्याचं सूत्र तीन-दोन-एक असं आहे. वस्तूच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर हव्यात आणि एक प्रत घराबाहेर हवी. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने हे सूत्र लोकांत रुजवलं. त्याला नाना ‘क्रोगमहाराज’ म्हणतात. या धर्मात पुराणकथाही आहेत. नानांची आवडती कथा ‘टॉय स्टोरी 2’ची. 1998 मध्ये पिक्सारमध्ये कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि अख्खा सिनेमा पुसला जाऊ लागला. कंपनीचा बॅकअप बघायला गेले, तर तो कित्येक दिवस नीट चालतच नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुस्मन या बाईंमुळे. घरी तान्हं मूल म्हणून त्या घरूनच काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. “बाळंतिणीने सिनेमा वाचवला!” असं म्हणून नाना इतक्या भक्तिभावाने मान डोलावतात, की पुढे आरतीच यायची बाकी राहते.

दुसरी कथा घराजवळची आहे आणि ती सांगताना नाना हसत नाहीत. 8 जानेवारी 2003 ला लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात आग लागली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटवरची जुनी रिळं तिथे होती. नायट्रेट फिल्म पेटली की विझवणं मुश्कील. “जपून ठेवायच्या जागीच जळली,” नाना म्हणतात. “जपणं वेगळं आणि दुसरी प्रत असणं वेगळं.”

या आगीच्या धास्तीपोटी त्यांनी इंटरनेटवरून एक ‘फायरप्रूफ’ पिशवी मागवली. वेष्टनावर ज्वाळांचं चित्र होतं आणि आकडे भरघोस होते. पण बँकेतला माणूस छापलेल्या आकड्यावर सही करत नाही, पडताळून बघतो. सोसायटीच्या होळीत लोक नारळ टाकत होते, तेव्हा नानांनी चिमट्याने ती पिशवी टाकली. आत एक जुनी डीव्हीडी, एक बिनकामाचा पेनड्राइव्ह आणि लाइट बिलाची झेरॉक्स. बायका बोंब मारायच्या थांबून बघायला लागल्या. चेअरमन म्हणाले, “नाना, हा कुठला नवस?”

धुळवडीच्या सकाळी राखेतून पिशवी काढली. पिशवी शाबूत होती. लाइट बिल तांबूस पडलं होतं, पण भरायची रक्कम स्पष्ट वाचता येत होती. डीव्हीडीचा मात्र पोह्याचा पापड झाला होता आणि पेनड्राइव्ह पिशवीच्या अस्तराशी एकजीव झाला होता. नाना खूश. त्यांनी रंगलेल्या तोंडांच्या जमावाला तिथेच प्रवचन दिलं. कागदासाठी बनवलेली तिजोरी आतलं तापमान 177 अंशांच्या खाली ठेवते. कागदाला तेवढं पुरतं, पण हार्ड डिस्कसाठी मर्यादा 52 अंश सेल्सिअस धरतात. शिवाय अशा तिजोरीच्या भिंतींतला मसाला तापला की वाफ सोडतो. त्या वाफेनेच कागद वाचतो आणि डिस्क उकडीच्या मोदकासारखी निघते. म्हणून डिस्कसाठी तिजोरी घ्यायची तर त्यासाठीच प्रमाणित केलेली घ्यावी. “आणि आपलं लोखंडी कपाट?” कुणीतरी विचारलं. “ते? आगीत ते कपाट नसतं,” नाना म्हणाले, “तंदूर असतो.”

आगीचा बंदोबस्त झाल्यावर नाना चोरीकडे वळले. चोर कपाट फोडतो, डबे उघडत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून चौसष्ट जीबीचा एक पेनड्राइव्ह प्लास्टिकमध्ये गुंडाळून चकलीच्या भाजणीच्या धान्यात लपवला गेला. गुप्तता इतकी कडक, की माईंनाही पत्ता नव्हता. दिवाळीच्या आधी माईंनी डबा गिरणीत पाठवला. गिरणीवाल्याने सवयीने धान्यात हात फिरवला म्हणून वाचलं. संध्याकाळी पिठाच्या डब्यावर ठेवून पेनड्राइव्ह परत आला, सोबत निरोप होता, “माईंना विचारा, ही कुठली डाळ?”

मग बँकेचा लॉकर. तिथेही नानांनी आधी नियम वाचले. आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात लॉकरमधला ऐवज गेला, तर रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांनुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख. “पण पूर, भूकंप असं काही झालं तर जबाबदारी नाही,” नाना माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. “म्हणजे पानशेतला शून्य!” तरीही तिसरी प्रत लॉकरमध्ये गेली. माझ्याकडे ठेवा, असं मी सुचवलं होतं. “तू समोर राहतोस,” ते म्हणाले. “मी जळेन तेव्हा तूही जळशील.” शेजारधर्माची इतकी अचूक व्याख्या मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

दरवर्षी 31 मार्चला नाना सगळ्या प्रती ताज्या करतात. बँकेच्या वर्षअखेरीची सवय म्हणून. जागतिक बॅकअप दिवसही त्याच तारखेला असतो, हे कळलं त्या दिवशी त्यांनी सोसायटीत पेढे वाटले. त्या रात्री बारापर्यंत दिवा चालू असतो आणि आतून ‘कॉपी चाललीय, फॅन लावू नका’ असे हुकूम ऐकू येतात. फॅनचा काय संबंध, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

आणि मग गेल्या वर्षी खरंच चोरी झाली. नाना-माई दोन दिवस सांगलीला लग्नाला गेले होते. चोरांनी लॅपटॉप नेला आणि नानांची खास डिस्कसाठीची नवी तिजोरी उचलून नेली. फोडली नाही, उचलून नेली. तिजोरी जमिनीला बोल्टने आवळायची असते हे नानांना माहीत होतं, पण नव्या फरशीला भोक पाडायला माईंनी साफ नकार दिला होता. एवढी जड, कुलूपबंद पेटी बघून चोरांना वाटलं असणार, आत किलोभर सोनं आहे. होता तो गॅसच्या पावत्यांचा संग्रह.

पंचनाम्याला हवालदार आले. “तिजोरीत काय होतं?”

“एक हार्ड डिस्क.”

“किंमत?”

“अमूल्य.”

“अमूल्य असं लिहिता येत नाही काका, आकडा सांगा.”

बरीच घासाघीस होऊन चार हजारांवर मांडवली झाली. हवालदार गेल्यावर मी नानांचं सांत्वन करायला गेलो, तर ते विलक्षण आनंदात. डिस्कला बिटलॉकर लावलेलं होतं. परवलीच्या शब्दाशिवाय, नाहीतर 48 आकड्यांच्या किल्लीशिवाय ती उघडणं शक्य नाही. “चोराला डबा मिळाला रे, आतला मजकूर नाही!” नाना म्हणाले. “जन्मभर बसला तरी उघडता येणार नाही.”

“तुम्हाला तरी कुठे येते?” माई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

परवलीचा शब्द आणि ते 48 आकडे नानांनी एका कागदावर लिहून जपून ठेवले होते. तिजोरीत.

लॉकरमधली डिस्क आणली, माझ्या लॅपटॉपला जोडली आणि आम्ही तिघं त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसलो. नानांनी पानशेतपासून लेकीच्या टोपणनावापर्यंत सगळे शब्द टाकून पाहिले. शेवटी माईंनी दुधाच्या हिशेबाची वही आणली. तीन वर्षांपूर्वीच्या मार्चच्या पानावर, खाडे आणि जादा अर्धा लिटर यांच्यामध्ये, तो शब्द होता. “तुम्ही मोठ्यांदा म्हणत टाइप करता,” त्या म्हणाल्या, “मी लिहून ठेवला.”

डिस्क उघडली. मुंज होती, आईंची रामरक्षा होती, करारनामा होता. आणि ‘नवीन फोटो’ नावाचं, शेवटच्या दोन वर्षांचं फोल्डर? ते दाबलं की संगणक म्हणे, असं काही इथे नाही. नानांनी दोन वर्षं डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कॉपी केला होता. घर जपायचं सोडून घराच्या पत्त्याच्या तीन प्रती केल्या होत्या, आणि एकदाही कुठली उघडून पाहिली नव्हती.

नाना गप्प बसले. नारायण पेठेबद्दल बोलून झाल्यावर बसतात तसे. मी लेकीला फोन लावला. त्या दोन वर्षांतले बहुतेक फोटो नातवाचे होते आणि ते तिनेच पाठवलेले होते, मूळ तिच्याकडे होतेच. बाकीचे माईंच्या फोनमध्ये निघाले. नानांनी क्षणभर विचार केला आणि ताठ झाले. “म्हणजे ऑफसाइट कॉपी होती,” ते म्हणाले. “तीही अमेरिकेत!”

आता परवलीचा शब्द दुधाच्या वहीतच राहतो, किल्लीच्या कागदाची एक प्रत लॉकरमध्ये आहे आणि नवी तिजोरी बोल्ट लावून बसली आहे, माईंनी निवडलेल्या फरशीवर. 31 मार्चला कॉपी झाली की प्रत्येक डिस्कमधल्या दहा फायली उघडून बघायच्या, असा नवा नियम झाला आहे. त्यामुळे पुतण्याची मुंज आम्ही सगळ्यांनी दोनदा पाहिली.

हा लेख लिहून झाल्यावर एक प्रत मी नानांकडे ठेवायला दिली. दुसऱ्या दिवशी पावणेसातला त्यांनी ती परत आणून दिली. उघडून पाहिली होती. शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या.