नसलेले वाचक पाठवणाऱ्यास खुले पत्र

पत्राच्या माथ्यावर ‘सा. न. वि. वि.’ लिहायची रीत आहे. तुला नमस्कार करायची माझी इच्छा नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

छोटं मराठी संकेतस्थळ चालवणारा माणूस गूगल अ‍ॅनालिटिक्स उघडतो ते काल कोण आलं, कुठून आलं, काय वाचून गेलं हे बघायला. दिवसाला 40 वाचक असले, तरी त्यातला एकेक त्याच्या मोलाचा. त्यात तू 60 खोटे घुसवलेस की तो अहवाल त्याच्या वाचकांचा राहतच नाही. मोठ्या वृत्तपत्राला तुझे 60 जाणवतही नाहीत. तू नागवतोस ते लहानांनाच.

गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीच्या, युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सच्या काळात तर तू त्या स्थळावर फिरकतही नव्हतास. स्थळांचे ‘यूए’ने सुरू होणारे क्रमांक अंदाजाने ठोकायचास आणि मेजरमेंट प्रोटोकॉल नावाच्या सोयीतून खोट्या भेटी परस्पर गूगलच्या सर्व्हरवर नोंदवायचास. मालक आपल्या सर्व्हरवर तुला अडवत बसायचा. आलाच नाहीस, तर अडणार कसा? रेफरलच्या, म्हणजे वाचक कुठून आले त्या, यादीतला तुझा पत्ता बघून त्याने कुतूहलाने क्लिक करावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. 2016 च्या नोव्हेंबरात तर वाचकाच्या ब्राउझरची भाषा दिसते त्या रकान्यात ‘ट्रम्पला मत द्या’ अशी घोषणा चिकटवलीस.

तुझ्या भुतांचा पानावर थांबण्याचा वेळ बहुधा शून्य, बाउन्स रेट, म्हणजे एकाच पानावरून परतण्याचं प्रमाण, शंभर टक्के. खऱ्या वाचकांत ते मिसळले की सरासरी कोसळते. ती बघून एखादी लेखिका ठरवते, आपली लेखमाला कुणी वाचत नाही, आणि लिहिणं थांबवते. तिचे 40 जण शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते, हे तिला कळतच नाही. माझा राग आहे तो यासाठी.

1 जुलै 2023 पासून युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सची ती जुनी व्यवस्था नव्या नोंदी घेईनाशी झाली. तिच्या जागी आलेल्या जीए4 मध्ये मेजरमेंट प्रोटोकॉलला गुप्त किल्ली लागते. तेव्हा आता तू खरोखर पानं उघडणारे बॉटही पाठवतोस. ओळखीचे बॉट गूगल वगळतं, अनोळखी निसटतात. म्हणून एकूण भेटींवर आम्ही विसंबत नाही; होस्टनेम (भेट कोणत्या डोमेनवर नोंदली ते), शहर आणि पानावर थांबण्याचा वेळ एकत्र ताडून बघतो. अचानक उसळलेला आकडा दिसला की आधी तो कुठून आला ते शोधतो. आणि तुझ्या पत्त्यावर क्लिक करत नाही.

– एका मराठी संकेतस्थळाची आकडेवारी सांभाळणारा